कौसाबाईचं नाव

शिरगावच्या ठमाबाईला सगळेच वचकून असत. ती धवलारीण. लग्नातल्या एकेका विधीला म्हणायची गाणी, म्हणजे धवले, तिच्या तोंडी होते. मांडवात कुणी आगाऊपणा केला तर धवला मधेच थांबवून ती त्याची चारचौघांत खरडपट्टी काढायची. एक ओळ ती म्हणायची, दुसरी कौसाबाई. पस्तीस वर्षं दोघींनी अशी लग्नं लावली. एक्याण्णवच्या पौषात कौसाबाई गेली आणि महिन्याभरात हळदीला ढोलकी वाजवणारा कोंडाजीही. तेव्हापासून ठमाबाई गायलीच नव्हती.

चैत्रात गुरुदत्त घरी आले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी, लोकगीतांचे हौशी.

"दोघांच्या आठवणीसाठी बदलापूरला कार्यक्रम करतोय. तुम्ही गायलंच पाहिजे."

दोघांच्या म्हणाले, म्हणून ती तयार झाली.

रविवारी दुपारी चारला ती शाळेच्या हॉलमध्ये पोचली. स्टेजवर कोंडाजीचा हार घातलेला मोठा फोटो होता. मागच्या कापडी फलकावर त्याचंच नाव. कौसाबाई कुठेच नव्हती.

"फोटो मिळाला नाही हो," गुरुदत्त म्हणाले.

"मागितलात कोनाकडं?"

त्यांनी घड्याळात पाहिलं. कौसाबाईची सून बनूबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मग भाषणं झाली. प्रमुख पाहुणे कोंडाजीवर अर्धा तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "त्यांच्या साथीला गाणाऱ्या बायकांनाही विसरून चालणार नाही." ठमाबाईची कानशिलं तापली. कोंडाजी बिचारा कौसाबाईला विचारल्याशिवाय ढोलकीला हात लावत नसे. तो असता तर उठून निघून गेला असता.

"दोनच मिनिटं हं," म्हणत गुरुदत्तांनी तिला माइक दिला.

ठमाबाईने पहिली ओळ म्हटली आणि ती गप्प झाली. दुसरी ओळ कौसाबाईची होती. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. गाणं संपलं असं वाटून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"गाना संपला नाय," ती कडाडली. "तुमी कोंडाजीला हार घातला, बरा केला. पन कौसाचा नाव कुठं हाय? हा धवला तिचा हाय. ती गायची तवा तो वाजवायचा. साथीला तो होता, ती नाय."

मग तिसऱ्या रांगेतून बनूबाईने बसल्या जागेवरून दुसरी ओळ धरली. आवाज कापत होता, शब्दही चुकला.

"चुकलीस. परत म्हन," ठमाबाई माइकवरूनच म्हणाली.

बनूबाईने परत म्हटली. पुढच्या ओळीला आणखी चार बायकांचे आवाज आले. धवला पाऊण तास चालला. पाहुणे मधेच निघून गेले.

शेवटी गुरुदत्तांनी माइकवर कौसाबाईचं नाव घेतलं, माफी मागितली आणि शाल पुढे केली. ठमाबाईने ती घेतली नाही.

"बनूला द्या. तिच्या सासूची हाय," म्हणून ती खाली उतरली.

वाटेत बनूबाईने भीतभीत विचारलं, "आत्या, राग गेला का?"

"कशाला जाईल? तीस वर्सा सासूच्या घरात राहिलीस आनि चार ओळी धड येत नायत तुला. उद्या सकाळी ये."

बनूबाई दुसऱ्या दिवशी गेली. तिने दुसरी ओळ तीनदा म्हटली, आणि तिन्ही वेळा शिव्या खाल्ल्या.