पंप कोणी भरला होता?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तिला वाटतं, मी पुण्यात बसून शेतकऱ्यांचं भलं करतो. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. सांगायला बसलो की आतून काहीतरी हलेल असं वाटलं होतं. हललं नाही.

मी पुण्याजवळ वाघोलीला शेतकऱ्यांच्या सल्ला केंद्रात काम करतो. शेतकरी फोन करून पिकाची अडचण सांगतात, आम्ही उपाय सांगतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शेतीची पदवी मिळाली तेव्हा गुरुजींनी शाळेत बोलावून नारळ दिला होता. तो अजून आठवतो. त्यानंतर गावात कोणी काहीही विचारावं – बियाणं, बँकेचा कागद, गुडघ्याची गोळी – आणि मी उत्तर द्यावं, असंच चालत आलं. ‘माहीत नाही’ असं मला कधी म्हणताच आलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

केंद्राचा नियम साधा होता. खात्री नसेल तर ‘विचारून फोन करतो’ म्हणायचं. पिकांच्या तज्ज्ञ कुलकर्णी मॅडम माझ्या मागच्याच टेबलाशी बसायच्या. रुजू झालो त्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, “अहो, मला इथे शोभेला बसवलेलं नाही. विचारत जा.” मी हसलो. विचारलं मात्र नाही.

एका हिवाळ्यात एका बाईंचा फोन आला. माझ्या बोलण्यावरून त्यांनी लगेच ओळखलं – “तुमी तर आपल्याकडलेच दिसता.” त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. हरभऱ्यात तण माजलं होतं आणि सोयाबीनचं तणनाशक घरात उरलं होतं. तेच हरभऱ्याला चालेल का? सोयाबीन शेंगेचं पीक, हरभराही शेंगेचं – मग का नाही चालणार? मान वळवली असती तर मॅडम होत्या. मी म्हणालो, चालेल.

चालत नाही. त्या औषधानं हरभरा पिवळा पडतो, खुंटतो. हे मी त्याच संध्याकाळी खोलीवर मोबाइलमध्ये वाचलं. बाई सकाळी फवारणार होत्या. म्हणजे वेळ होता. आधी जेवू म्हटलं. जेवलो. फोन केला नाही.

पण – मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

काही दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला, आणि नेमका माझ्याकडेच. हरभरा गेला होता. वर्षाचं ते शेवटचं पीक, त्यावरच घर चालायचं. त्या चिडल्या नव्हत्या. आमचंच काही चुकलं का, असं विचारत होत्या. मलाच. सांगून टाकायला याहून सोपी वेळ कोणती होती? चूक माझी, ते औषध हरभऱ्याचं नव्हतं – किती शब्द लागले असते?

मी विचारलं, “पंप कोणी भरला होता?”

“सूनबाईनं.”

“मग औषध जास्त पडलं असणार.”

पलीकडे कोणीतरी बारीक आवाजात सांगत होतं, झाकणानं मोजूनच घातलं होतं. बाईंनी तोंड तिकडं वळवलं असावं, आवाज जरा लांबून आला. “गप बस. शिकलेले सायब सांगतेत.” मग पुन्हा जवळून – सून नवी आहे, शिकेल हळूहळू. बरं झालं सांगितलंत.

फोन रेकॉर्ड होत होता. तो कोणी ऐकला नाही. मॅडम पुढे दुसरीकडे गेल्या. आता नव्या मुलांना मीच शिकवतो – खात्री नसेल तर विचारा. ती माना डोलावतात.

मागच्या पावसाळ्यात एका तरुण बाईचा फोन आला. सोयाबीनवर फवारायचं होतं, पंपाला किती झाकणं घालायची एवढंच हवं होतं. डब्यावर लिहिलेलं असतं, मी म्हणालो. तिनं वाचलं होतं. तरी विचारून घ्यायचं होतं.

“मागं माझ्या हातानं सगळा हरभरा जळाला,” ती म्हणाली. “तवापासून सासूबाई विचारल्याबिगर पंपाला हात लावू देत नाहीत.”

तिनं गावाचं नाव सांगितलं. मला ते हरभऱ्याच्या फोनपासूनच माहीत होतं.

मी मात्रा सांगितली. तिनं तशीच म्हणून दाखवली. पुन्हा सांगा म्हणाली, मी पुन्हा सांगितली.

“बरोबर हाय ना? माझं चुकतं, म्हणून विचारते.”

मी म्हणालो, बरोबर आहे.

मग पुढचा फोन घेतला.