जुळत नाही म्हणजे नाही

माझी वहिनी रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायची. गिऱ्हाईक एखादा तुकडा आणून द्यायचं, कधी दाराची ढलपी, कधी मोडक्या खुर्चीचा पाय, आणि म्हणायचं, हाच रंग पाहिजे. वहिनी तो खिडकीपाशी नेऊन बघायची, मग पांढऱ्यात काळ्याचे दोन थेंब, मातकट पिवळ्याचा एक थेंब टाकायची, पट्टीवर ओढून वाळत ठेवायची. "ओला रंग थापा मारतो," ती म्हणायची. "वाळल्याशिवाय त्याच्या शब्दावर जायचं नाही."

सोळा वर्षं तिने हे केलं. तिच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षाच. मध्येच थांबायची आणि म्हणायची, "ही भिंत दोन डब्यांतून रंगवलीय बघ." मी डोळे फाडफाडून बघायचे. मला आपली एकच भिंत दिसायची.

मग तो कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला, रंग जुळवायला यंत्र आलं आणि एक्केचाळीसाव्या वर्षी वहिनी घरी बसली.

पहिले काही महिने कुणालाच घोर नव्हता. एवढी हुशार बाई, कुठेही लागेल, असं सगळे म्हणत. सहा महिन्यांनी सगळे तसं म्हणायचे थांबले आणि वर्षाने विचारायचेही. एके ठिकाणी यंत्र आधीच आलेलं असायचं, दुसरीकडे वय आड यायचं. बाकीचे "कळवतो" म्हणायचे आणि त्या कळवण्याची वाट बघण्यात महिना निघून जायचा.

मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले होते, त्यामुळे रोज दुपारी माहेरी चक्कर व्हायचीच. घरात तिघंच: आई, दादा, वहिनी. दादा बस चालवायचा. त्या दोन वर्षांत या तीन माणसांनी जे केलं, ते मी समोर बसून बघितलंय, आणि अजूनही मला ते नीट उमगलंय असं म्हणवत नाही.

वहिनी मुलाखतीहून परतली की "काय झालं?" असं कुणी विचारायचं नाही, हे आईने ठरवून टाकलं होतं. सांगितलं कुणालाच नाही, पण ठरलं होतं. मी एकदा विचारलं, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न मी चहाबरोबर गिळला. वहिनी हातपाय धुऊन यायची, खायची, आणि मग तिला वाटलं तर सांगायची. दादा तेवढ्यात तिचे मुलाखतीचे कपडे इस्त्रीला घ्यायचा. पुढची मुलाखत कधी, कुठे, कशाचाच पत्ता नसायचा. तरी ते कपडे घडी घालून तयार.

"अरे, इतकी घाई कशाला?" मी एकदा म्हटलं.

"कॉलरीची चुरगळ बसून राहते," तो म्हणाला.

आणि दुपारी तीन वाजता आई स्वयंपाकघरातल्या टेबलामागे चष्मा लावून बसायची. वहिनीने बाहेरून येऊन "येऊ का?" विचारायचं. आई चौथीपर्यंत शिकलेली, आयुष्यात एकही कचेरी आतून न पाहिलेली बाई. पहिल्या दिवशी वहिनीला हसू फुटलं.

"बाई, आम्ही तुम्हाला हसायला बोलावलं नाही," आई म्हणाली. "अनुभव सांगा."

"सोळा वर्षं."

"मग सोळा वर्षांनी तुम्हाला का काढलं?"

वहिनीचं हसू मावळलं. मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी आईने तोच प्रश्न विचारला, आणि तिसऱ्याही. चौथ्या दिवशी वहिनी मान वर ठेवून बोलली. घरात पाहुणे असोत की आईची कंबर धरलेली असो, तीनची मुलाखत चुकली नाही.

दोन वर्षं होत आली तेव्हा एका दुपारी वहिनी आत आलीच नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "आई, पुरे आता. कुणी बघायलाच सांगत नाही, तर डोळा तरी राहिलाय का, कुणास ठाऊक."

आई चष्मा काढून उठली आणि भांडी लावायला लागली. मला वाटलं, संपलं.

त्याच आठवड्यात आईने अडुसष्टाव्या वर्षी आक्रोड दाताने फोडायला घेतला. आक्रोड शाबूत राहिला. पुढचा दात अर्धा गेला.

दातांच्या डॉक्टरांनी उरलेल्या तुकड्यावर बसवायला टोपी बनवून आणली. वहिनी सोबत गेली होती. डॉक्टरांनी टोपी लावून आईच्या हातात आरसा दिला. आई म्हणाली, "छान."

मागून वहिनी हळूच म्हणाली, "जुळत नाही. पांढरा जास्त झालाय."

"अहो, या वयात कोण बघतंय?" डॉक्टर हसले.

आईने आरसा खाली ठेवला. "माझी सून म्हणते जुळत नाही. म्हणजे नाही."

"पण आत्ताच तुम्ही छान म्हणालात!"

"मला काय कळतंय त्यातलं? तिला कळतं."

टोपी परत गेली. दुसरी आली, ती जास्तच पांढरी. वहिनीने मान हलवली, तीही परत गेली. महिनाभर आई अर्ध्या दाताने हिंडली. शेजारी हसायचे, तीही त्यांच्यासोबत तोंडभर हसायची, तो अर्धा दात दाखवत.

तिसऱ्या वेळी वहिनीला चूक सापडली. डॉक्टर आधी दात घासून, कोरून घेत आणि रंग ताडून बघायची छटांची पट्टी शेवटी लावत. तोवर उघड्या तोंडात शेजारचा दात वाळून पांढरा पडलेला असे. "आईंना चूळ भरू द्या, थोडा वेळ तोंड मिटू द्या," वहिनी म्हणाली. मग तिने आईला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून पाहिलं, आणि दात बनवणाऱ्यासाठी अर्धं पान लिहून दिलं: मुळाशी किती पिवळा, मध्ये कसा, टोकाला निळसर झाक किती.

तिसरा दात आला तेव्हा आई घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "सांग, खोटा कुठला?"

मी उजेडात नेऊन पाहिला, चष्मा लावून पाहिला. जिने मला जन्म दिला तिचे दात, आणि मला सांगता येईना.

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. दात बनवणारे गृहस्थ विचारत होते, हा कागद कुणी लिहिला?

दादा ड्यूटीवर होता, म्हणून मी सोबत गेले. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. टेबलांवर जबड्यांचे साचे, बारीक कुंचले, चिनीमातीच्या पुडीच्या बाटल्या. दात बनवणाऱ्या त्या म्हातारबाबांनी आधी बसायलाही सांगितलं नाही. करड्या कापडावर बारा दात मांडले. "यातले एकाच माणसाचे कुठले?"

वहिनी कापड उचलून खिडकीपाशी गेली. दोन दात वेगळे काढले. मग बराच वेळ बघून तिसरा त्यांच्याजवळ ठेवला. "हाही त्याचाच. पण बऱ्याच वर्षांनी केलेला असणार. त्याचे दात तोवर पिकले होते."

म्हातारबाबांनी मान डोलावली आणि ते तिन्ही दात एका डबीत ठेवले.

"माझ्या डोळ्यांना आता पिवळा नीट दिसत नाही," ते म्हणाले. "इतके दिवस कुठे होतात तुम्ही?"

"काम शोधत होते," वहिनी म्हणाली. मान वर होती.

सोमवारपासून ती जायला लागली. पहिले सहा महिने बावीस वर्षांच्या एका मुलीच्या हाताखाली शिकाऊ म्हणून. ती मुलगी तिला ओरडायची, आणि वहिनी घरी येऊन तिच्या नकला करायची.

नंतर एकदा भाजी निवडताना मी आईला विचारलं, "खरं सांग, वहिनीला काम मिळेल की नाही, अशी तुला कधी शंका नाही आली?"

"आली की. रोज यायची."

"मग काय करायचीस?"

"तुझ्या दादाशी भांडायचे," आई म्हणाली. "टॉवेल ओला का टाकलास, दार का आपटलंस. त्याला ठाऊक होतं. एकदाही उलट बोलला नाही बिचारा."