बाळूच्या गाठीसाठी आलेला फोन

मी दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. असले किस्से कुणी सांगू लागलं की हसणाऱ्यांतली मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या, प्रकाशच्या, मानेत कानाखाली गाठ आली. दुखत नव्हती. तुकडा काढून एका छोट्या लॅबला पाठवला, तिथे काचेवर त्याची स्लाईड करून तपासली. रिपोर्ट आला – साधी गाठ, काळजी नको. आईने पेढे वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत मी भोईवाड्यात आईकडे होते. गुरुवार, सकाळचे अकरा. आई बाजारात गेलेली. लँडलाईन वाजली, मी उचलली. बाईचा आवाज, अगदी शांत.

"परळच्या हॉस्पिटलमधून बोलतेय. बाळूची स्लाईड इथे दाखवून घ्या. उद्याच या, थांबू नका."

नाव विचारेपर्यंत फोन बंद. प्रकाशला 'बाळू' फक्त घरात म्हणतात, म्हणून वाटलं, कुणीतरी ओळखीतली असेल. प्रकाश वैतागला. रिपोर्ट चांगला आलाय तर कशाला उकरून काढतेस, म्हणाला. मी लॅबमधून स्लाईड घेतली आणि त्याला ओढतच नेलं.

तिथे स्लाईड पुन्हा तपासली. सार्कोमा – स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर, मानेत तर क्वचितच. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, वेळेत आणलंत. अजून थोडं थांबला असतात, तर मोठ्या शिरेपर्यंत गेलं असतं."

त्या बाईंचे आभार मानायला मी स्लाईड काउंटरवर गेले. आम्ही असे फोन करत नाही, तिथले लोक म्हणाले. आणि तो फोन आला त्या दिवशी प्रकाशचं नावही त्यांच्याकडे नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं, तो फोन घरच्या लँडलाईनवर आला होता. फोन माझ्या मोबाईलवर आला, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. ती म्हणाली,

"अगं, त्या आठवड्यात आपला फोन बंद होता. शनिवारी लाईनमन आला, तेव्हा गच्चीवरची वायर तुटलेली निघाली."

पाच वर्षं उलटून गेली. प्रकाशचा डावा खांदा पुरता उचलत नाही, तोंड कोरडं पडतं, घासागणिक पाणी लागतं. पण मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता वर्षातून एकदाच या. बाहेर पडल्यावर तो थांबलासुद्धा नाही... लेकीची शाळा सुटायची वेळ झाली होती.

आभार कुणाचे मानायचे, ते कळत नाही. म्हणून इथे लिहिते – बाई, तुम्ही कोण होतात ठाऊक नाही. तुमच्यामुळे आमचा बाळू आज आहे.