आहेराचे मासे

जालन्याच्या नव्या घरात माझ्या मनासारखी झालेली एकच गोष्ट होती, बैठकीच्या कोपऱ्यातली माशांची टाकी. बाकी सगळं इतरांनी ठरवलं. भिंतींचा रंग थोरल्या दिरांनी पसंत केला, ओटा नणंद म्हणाली त्या दिशेला झाला, देवघर तर दोनदा हललं. मी प्रत्येक वेळी ‘चालेल’ म्हणाले आणि शेवटी तेवढा कोपरा मागून घेतला. नवरा म्हणाला, तो तुझा. इतक्या सहज मिळालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माशांचा नाद अंकुशनगरचा. नवरा कारखान्यात नोकरीला, आम्ही क्वार्टरमध्ये. एका शेजारणीनं बरणीतून चार गप्पी दिले आणि मी त्यात रमले. बोअरचं जड पाणी गप्पी आणि मॉलीला मानवतं, हे तिथंच कळलं. दुकानात मासा नखाएवढा दिसतो, पण वाढल्यावर तो केवढा होणार हे आधी विचारायचं, हेही कळलं. तो कुणाच्या शेपट्या कुरतडतो का, कुणाला गिळतो का, याची चौकशी करायची. पोरीसाठी स्थळ बघताना सुद्धा आमच्याकडे एवढं कुणी विचारत नाही. टाकीत मोकळं पाणी दिसतं म्हणून तिथं अजून मासे मावतात असं लोकांना वाटतं. मावत नाहीत. ते पाणी असलेल्या माशांना श्वासासाठी लागतं.

नव्या टाकीत मी मोजकेच मासे सोडले. गप्पी होते, थोड्या काळ्या मॉली होत्या, खाली गवतासारखी झाडं. सकाळी चहा घेऊन तिथं बसायचे. माझ्या आयुष्यात मी निवडलेलं आणि कुणी हात न लावलेलं दुसरं काही नव्हतं. हे वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे.

मग वास्तुशांत आली. पत्रिकेवर आम्ही ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं. पण रिकाम्या हातानं वास्तुशांतीला यायचं म्हणजे आमच्या भावकीत नाक कापल्यासारखं. परतूरच्या थोरल्या दिरांनी त्यातून वाट काढली. ते रेल्वेनं आले ते हातात पाण्याची फुगलेली पिशवी धरून. पत्रिकेत आहेर नको म्हटलंय, जीव नको असं कुठं लिहिलंय, असं म्हणून स्वतःच हसले. पिशवीत बोटाएवढा ऑस्कर मासा होता. त्यांनी ही युक्ती आधीच फोनवरून सगळ्यांना सांगून ठेवली होती. तीर्थपुरीच्या नणंदेनं गोल्डफिशची जोडी आणली. चुलत सासऱ्यांनी पट्टेवाले टायगर बार्ब आणले. शेजारच्या मारवाडी काकूंनी आठ सोनेरी आणि एक काळा असे शकुनाचे मासे दिले. दारात चपला वाढत गेल्या तशा टीपॉयवर पिशव्या वाढत गेल्या.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की ऑस्कर हातभर वाढतो आणि तोंडात मावेल ते खातो, बार्ब गप्प्यांच्या शेपट्या ठेवणार नाहीत, आणि अडीच फुटांच्या टाकीत एवढ्यांची घाण झाली तर कुणीच जगणार नाही. वेगळ्या टबात ठेवू, नंतर दुकानात देऊन टाकू.

त्याला ते ऐकायचंच नव्हतं. ‘दादा परतूरहून पिशवी मांडीवर धरून आल्ते. त्यांच्या डोळ्यांदेखत टबात टाकू का मी? मासा महत्त्वाचा का माणूस?’

म्हणून रीतसर मासे सोडायचा कार्यक्रम झाला. टाकीच्या काचेला हळदीकुंकू लागलं. नणंदेनं ओवाळलं. एकेकानं आपापली पिशवी ओतली आणि वर अक्षता टाकल्या, हळदीत माखलेले तांदूळ, मुठीमुठीनं. मी हात पुढे केला तर नणंद म्हणाली की वहिनी, शुभकार्यात असं अडवू नये. मी तोंडावर हसू आणून उभी राहिले. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. फोटोत मी छान हसते आहे.

दुसऱ्या दिवशी तांदूळ फुगून कुजायला लागले. पाणी पांढरट झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी पाणी बदलत राहिले, बादल्या वाहत राहिले, पण एवढ्या जिवांना ते पुरणार कसं? गोल्डफिश मेले, मॉली मेल्या, बार्बनी गप्प्यांच्या शेपट्यांची लक्तरं केली आणि मग बार्बही पोट वर करून तरंगले. उरलेले गप्पी ऑस्करनं खाल्ले. त्याला दोष कसला द्यायचा, तो ऑस्करसारखा वागला. नातेवाईक फोनवर आपापल्या माशाची खुशाली विचारत, आणि नवरा छान आहे म्हणून सांगे. मेलेले मासे मी कुंडीत पुरत होते आणि तो फोनवर त्यांना जिवंत ठेवत होता.

शेवटी टाकीत एकटा ऑस्कर राहिला. वाढून एवढा झाला की त्याला वळतानाही काच लागायची. थोरल्या दिरांना म्हटलं, परत न्या, तुमच्याकडे मोठा हौद आहे. दिलेलं परत घेत नसतात, ते म्हणाले. मी चहा घेऊन बसायचं सोडलं, पण पाणी बदलत राहिले, कारण त्याचा तरी काय गुन्हा.

मी गप्प गप्प असते, हे नवऱ्याच्या ध्यानात यायला बरेच महिने गेले. एका रविवारी सकाळी तो बाजारातून आला तो खुशीत. हातात पिशवी. ‘तुला आवडतात ना, तेच आणले बघ. आता तरी हास जरा,’ म्हणाला. पिशवीत रंगीत गप्पी होते. मी कणकेचा हात तसाच घेऊन धावले, अहो थांबा म्हणेपर्यंत त्यानं पिशवी उलटी केली होती. गप्पी काचेच्या कडेकडेनं पांगले. ऑस्कर मागच्या दगडाशी होता, तो सावकाश पुढे आला.

मी म्हटलं, बसा इथं आणि बघा. तो बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच टाकीसमोर बसला होता. एवढ्यात त्याचा फोन वाजला. परतूरहून थोरले दीर. त्यानं टाकीकडे नजर टाकली आणि उठत उठत बोलू लागला.

‘हाव दादा, तुमचा मासा एकदम मजेत हाय. आत्ताच खाऊन राह्यला बघा.’