नाम घेणं म्हणजे बोलणं थोडंच

"व्होकल कॉर्ड पॉलिप," गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे आवाजाच्या पडद्यावर आलेला फोड. टोकाला कॅमेरा असलेली नळी नाकातून घालून त्यांनी माझा घसा पाहिला होता. मी डोळे पुसत विचारलं, "भजन म्हणता येईल ना?"

"आधी ते ओंकार बंद करा," ते म्हणाले.

तीन महिन्यांपासून घसा बसलेला होता. केशोरीत रोज सकाळी समाजमंदिरात आमचा योगवर्ग भरे. तिथे ओंकार मी म्हणायचे, आणि गुरुवारी बायकांच्या भजनमंडळात मुख्य आवाजही माझाच. आवाज घोगरा झाला तेव्हा वाटलं, साधना कमी पडून राहिली. मग एकवीस ओंकारांचे एकशे आठ केले, तेही ताणून. दुखलं की ज्येष्ठमध चघळायचे. काय म्हणावं या शहाणपणाला! तुमचा आवाज पंधरा-वीस दिवस बसून राहिला तर देवाला नंतर आळवा, आधी घसा दाखवा.

ऑपरेशन झालं. मग बायोप्सी, म्हणजे काढलेला तुकडा कॅन्सरसाठी तपासणं. घर लांब, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत वॉर्डातच राहिले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दुर्गला, तिचे दिवस भरत आलेले. सोबत कोणी नाही. त्यात "व्हॉइस रेस्ट", म्हणजे तोंडाला कुलूप. डॉक्टरांनी बजावलं, "दहा दिवस एक शब्द नाही. फुसफुसाना भी मना है, कुजबुजसुद्धा नाही."

पाटी-पेन्सिल घेऊन बसले. पण मी बोलत नाही म्हटल्यावर माझ्याशीही कोणी धड बोलेना. डावीकडच्या खाटेवरची बाई माझ्या डोक्यावरून उजवीकडचीला विचारायची, "जेवली का वं ही?" सिस्टर माझ्याशी ओरडून बोलायची, जशी काही मी बहिरी. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान हंबरडा फोडता आला होता.

मग मी नाम घेऊ लागले. ओठातल्या ओठात, श्वासावर, दिवसभर. नाम घेणं म्हणजे बोलणं थोडंच! माणसाशी एक शब्द बोलले नाही, हे मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. पण दहाव्या दिवशी घसा पाहून डॉक्टर चिडले. "जखम भरली नाही. बोलत होता तुम्ही?"

मी पाटीवर लिहिलं, 'फक्त देवाचं नाव.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. "बाई, नाव कोणाचं आहे हे घशाला काय माहीत?" मग आवाज उतरवून म्हणाले, "स्कार राहील, म्हणजे वण. बोलता येईल. वरचा सूर मात्र विसरा."

घरी परतताना बसमध्ये कोहमाऱ्याच्या फाट्यापर्यंत मी मनातच देवाशी भांडत आले. तुझंच नाव घेत होते ना रे?

दोन महिने मंडळात गेले नाही. गुरुवारी दार लावून मनातल्या मनात नाम घ्यायचे, तेही रागानं. एका गुरुवारी पेटी वाजवणारी कुंदा दारात येऊन उभी राहिली. "ताई, काऊन येऊन नाही राहिली? आवाज गेला का पाय गेले?"

तिच्यासोबत मंडळात गेले. मागे बसले. मुख्य आवाज आता कुंदाचा. आमची नेहमीची पट्टी काळी पाच, म्हणजे उंच सूर, माझ्या आवाजाची. कुंदानं पेटीवर काळी दोन धरली. इतक्या खाली बायकांचा आवाज लागत नाही. पहिल्याच ओळीला दोघी-तिघी गळाल्या, पण कुरकुरली एकही नाही.

"पट्टी चुकली," मी खरखरीत आवाजात म्हटलं.

"चुकली नाही," कुंदा म्हणाली. "यातच तुले जमते. धर आमच्यासंगं झील."

झील म्हणजे मागून म्हणायची ओळ. वीस वर्षं मी पुढे बसून गायले. तुला कोणती पट्टी झेपते गं, हे एकीलाही कधी विचारलं नव्हतं.

डोळे पुसले आणि झील धरली.