एका दुखण्याचे दोन भाव

माझ्या मुलाने मला फसवलं. माझंच दुखणं त्याने दोन ठिकाणी दोन वेगळे भाव लावून विकलं.

दिल्लीत मुनिरक्यात माझी खानावळ आहे. परीक्षांची तयारी करणारी महाराष्ट्रातली मुलं जेवायला येतात. नवरा गेल्यावर भाड्याच्या एका खोलीत दोन शेगड्यांवर मी ती उभी केली. ओखल्याच्या मंडीतून भाजी मीच आणायची. तिथला अडत्या मला लांबून पाहूनच ओरडायचा, "आ गई लुटेरी!" मी म्हणायची, "लुटेरा तेरा तराजू." मग आमचं मनसोक्त भांडण व्हायचं आणि माल मी म्हणेन त्या किमतीत रिक्षात पडायचा. दिवसभरात तेवढीच माझी चैन होती.

मग जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण कमरेपासून उजव्या टाचेपर्यंत जी कळ धरली ती आजतागायत सुटलेली नाही. आणि दुखणं नुसतं कमरेत राहत नाही, डोक्यात बिऱ्हाड करतं. सकाळी डोळे उघडण्याआधी मी अंदाज घेते, आज किती. वाकून चप्पल घालणाऱ्या माणसाचा मला राग येतो. पोळी मागणारं पोरगं वैरी वाटतं, कारण त्याला मांडी घालून बसता येतं. ज्यांना सोशिक बाईची गोष्ट हवी आहे त्यांनी दुसरी बाई शोधावी.

मुलगा मला दुखण्यावरच्या खास डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "दस में से कितना दर्द है?"

मी विचार करून सांगितलं, "आठ." भाव चढवायचा असता तर दहा सांगितले नसते का?

मुलगा हसला. "डॉक्टर साहब, मम्मी मंडीवाली हैं. जो बोलें, आधा पकड़िए."

डॉक्टरही हसले आणि त्यांनी चार लिहिले.

"आठ लिखो," मी टेबलावर हात आपटला.

डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं. "मम्मी को गुस्सा बहुत आता है?" त्याने मान हलवली. तेही लिहिलं गेलं. मग मला चाराचाच इलाज मिळाला. पट्टा, गोळ्या, आणि वर "टेन्शन मत लीजिए."

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू आराम कर. मंडीचं मी बघतो." तो बघायला लागला आणि माझ्या स्वयंपाकघरात पिवळा पालक आणि मऊ पडलेले टोमॅटो यायला लागले. काही बोलले की म्हणायचा, "तुला आजकाल सगळंच खराब दिसतं."

गेल्या आठवड्यात मी कुणाला न सांगता रिक्षाने मंडीत गेले. अडत्या मला पाहून उठलाच. क्रेट पुसून म्हणाला, "माताजी, बैठिए."

लुटेरीची माताजी झाली होती! मी भेंडीचा भाव विचारला, त्याने सांगितला. मी निम्मा केला.

"जो ठीक लगे, दे दीजिए."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्या बोलीला कधी खाली आला नव्हता. "तुझे क्या हुआ है?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "आपका बेटा बता गया, दस में दस दर्द है, दिमाग़ पर भी असर है. बोला, मम्मी आएँ तो बहस मत करना, और ये भी बोला कि अब सौदा मैं ही करूँगा."

मी भेंडी टोपलीत परत टाकली. दयेच्या भावाने मी कोथिंबिरीची काडीसुद्धा घेत नाही. परतीच्या रस्त्यातला एकेक खड्डा टाचेपर्यंत पोचला.

मुलगा हिशेबाला बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, तुझ्या काळजीनेच ना!"

"मग डॉक्टरांपुढे कुठे गेली होती काळजी?"

"तिथे गंमत केली, यार आई. तू प्रत्येक गोष्ट पकडून बसतेस."

पकडणारच. एकाच मालाला दोन भाव लावणाऱ्याला मंडीत काय म्हणतात, ते त्याला मीच शिकवलं आहे.

रविवारी खानावळीतली सगळी मुलं जेवायला असतात. त्यांच्यासमोर उत्तर द्यायचं, असं मी त्याला बजावलं आहे. माझं दुखणं चार आहे की दहा? चार असेल तर मंडीच्या पिशव्या माझ्या हातात दे, उद्यापासून मी जाते. दहा असेल तर ऊठ, त्या डॉक्टरांकडे चल, आणि जिथे माझं दुखणं निम्मं केलंस तिथेच, माझ्यासमोर, ते पुरं करून दे. बोल.