फोडणीबंदीचे रविवार

नाना सबनिसांच्या घरात रविवारी सकाळी अकरा ते एक फोडणी बंद असे. उदबत्ती बंद, कापूर बंद, फरशी पुसायचं वासाचं औषधही बंद. दातांचे डॉक्टर बेंद्रे एकदा केसांना आवळ्याचं तेल चोपडून आले, तर नानांनी त्यांना थेट मोरीत नेलं आणि हातात साबण दिला. "डोकं धुऊन या, नाहीतर आज तुम्हाला नुसता चहा." बेंद्रे निमूटपणे ओल्या डोक्याने येऊन बसले. खाली वारज्याच्या रस्त्यावर भाजीवाली ओरडत असायची आणि वर आम्ही चार पिकली पानं भरदिवसा व्हिस्की हुंगत बसलेलो. "रात्री पितात ते झोप यावी म्हणून," नाना म्हणायचे. "आपल्याला जागं राहायचंय."

त्या मंडळात मी शिरले ती माझ्या नवऱ्याच्या जागेवर. आमचं आणि सबनिसांचं दार समोरासमोर. आमचे हे गेले त्यानंतर दोनेक महिन्यांनी नानांनी बेल वाजवली. मला वाटलं, समाचाराला आले. तर म्हणाले, "वहिनी, खुर्ची रिकामी आहे, बघवत नाही. त्याचं नाक तसं यथातथाच होतं. तुमचं बघू." तोवर येणारा प्रत्येक जण माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं दबक्या आवाजात बोलत होता. या गृहस्थाने उंबऱ्यात उभं राहून माझ्या नवऱ्याच्या नाकाला नावं ठेवली आणि मला कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. साडी बदलून मी त्यांच्या मागोमाग गेले.

नानांना फक्त धुराची व्हिस्की चालायची. स्कॉटलंडच्या एका बेटावर दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात आणि जाळतात. तिच्या धुरावर मोड आलेले सातू सुकवतात, आणि तो धूर पुढे बाटलीत उतरेपर्यंत काही दारूचा पिच्छा सोडत नाही. ज्या बाटलीत हा धूर कमी, तिला नाना 'पथ्याची' म्हणायचे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक भाच्या-पुतण्याला आधीच निरोप जायचा. मग रविवारी त्यांनी आणलेल्या तीन-चार बाटल्यांतलं थोडं थोडं पेल्यांत ओतून वर स्टीलच्या ताटल्या झाकायच्या, नावं कोणाला सांगायची नाहीत आणि एकेक ताटली काढून आधी नुसतं हुंगायचं. मग ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा हुंगायचं. घोट सगळ्यांत शेवटी. "जीभ लबाड असते," नाना बजावायचे. "आधी नाकाला विचारा."

पहिल्या दिवशी मला काय कळणार, कपाळ? मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेली बाई. नानांनी पहिला पेला पुढे केला. मी म्हटलं, "मुलांचा गुडघा फुटला की शाळेत लावायचो ते टिंक्चर." दुसरा पुढे केला. "पाणी मारून विझवलेली शेगडी. आणि शेजारी कोणीतरी सुके बोंबील ठेवलेत." नाना बँकेतून निवृत्त झालेल्या साठ्यांकडे वळले. "ऐकलंत? तुम्ही इतकी वर्षं नुसतं स्मोकी, स्मोकी करताय." साठे कुरकुरले, "स्मोकीला स्मोकीच म्हणणार ना?" "मग घरी पोह्यांना पोहेदार म्हणत जा," नाना म्हणाले. पुस्तकातली भाषा त्यांना खपायची नाही. कोणी समुद्री शेवाळाचा वास आहे म्हटलं की लगेच प्रश्न यायचा, "आपण शेवाळ कुठे खाल्लंत? ओळखीचं काहीतरी सांगा."

मालतीताई, म्हणजे नानांच्या पत्नी, या बैठकीत कधी पाऊल टाकायच्या नाहीत. आतल्या खोलीत पोथी वाचत बसायच्या आणि घड्याळात एक वाजला रे वाजला की मुद्दाम हिंगाची सणसणीत फोडणी द्यायच्या. तो त्यांचा निषेध होता, आणि नानांनाही ते ठाऊक होतं.

एका रविवारी त्या पोथीत रमल्या आणि गॅसवरचं दूध करपलं. अर्धवट नाही, चांगलं भांड्याला लागून काळं झालं. घरभर वास सुटला. बेंद्रे माझ्याकडे बघायला लागले, साठे खिडकीकडे. नाना मात्र पेल्यात नाक घालून सांगत होते, "शांतपणे घ्या. हिचा धूर किती नाजूक आहे बघा." आवळ्याच्या तेलावरून डोकं धुवायला लावणारा माणूस! बेंद्रे मान हलवून "नाजूक, नाजूक" म्हणाले. मला त्या क्षणी बेंद्र्यांचा राग आला आणि कीवही आली.

सगळे गेल्यावर मी मागे थांबले. "नाना, दूध करपलं होतं."

"आत गेलो तेव्हा हिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण उशिरा." ते पेले विसळत होते, ते तसेच विसळत राहिले. "पावसाळ्यात ताप आला ना, तेव्हापासून. आधी हिंग गेला, मग साबण. धूर सगळ्यांत शेवटी गेला. डॉक्टर म्हणतात, आता या वयात परत येणं कठीण." मग म्हणाले, "पुढच्या रविवारपासून बंद करू. नाक नसताना मान डोलवत बसायचं म्हणजे मित्रांना फसवणं झालं."

मला संताप आला. मी चांगली वर्गातल्या आवाजात बोलले, "मला घरातून ओढून आणलंत तेव्हा विचारलं होतंत का? आता बरं बंद करू म्हणता. ते चालायचं नाही. मी हुंगते आणि सांगते, तुम्ही ऐका."

आणि तसं सुरू झालं. मित्रांना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. मी म्हणायचे, "हुरडा भाजतात तिथली राख, पण थोडी गोडसर." नाना डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "दोन थेंब पाणी टाका. आता लिंबाचं साल येईल." ते यायचंच. वर्षानुवर्षं हुंगलेलं सगळं त्यांच्या डोक्यात शाबूत होतं, माझ्या बोलण्याने ते फक्त बाहेर यायचं. पण बेंद्र्यांच्या लेकीने एक नवी बाटली आणली आणि पंचाईत झाली. ती नानांनी नाक असताना कधीच हुंगलेली नव्हती. आठवायला काही नव्हतंच. "वहिनी, आज तुमची परीक्षा," म्हणाले, पण आवाज उतरला होता.

मी हुंगलं. कोळसा होता, त्यात ओलं डांबर, औषधी साबण, आणि आणखी काहीतरी. माणसाचं वाटावं असं काहीतरी. शब्दच सापडेना. नाना "पुढे?" म्हणून वाट बघत बसलेले. शेवटी मी पेला उचलला आणि आतल्या खोलीत मालतीताईंच्या नाकासमोर धरला. त्यांनी आधी तोंड फिरवलं. मग पोथी मिटली, पेला स्वतःच्या हातात घेतला आणि तशाच बाहेर आल्या.

"अहो," त्या नानांना म्हणाल्या, "तुम्ही हडपसरच्या कारखान्यात बॉयलरवर होतात ना, तेव्हा शर्टाला यायचा तो वास आहे हा. घरी येऊन लाल साबणाने हात धुवायचात आणि मग मला हाक मारायचात."

नानांनी पेला घेतला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "आला." खरंच आला की आमच्यासाठी म्हणाले, देव जाणे. मी डोळे पुसले आणि साठ्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर मालतीताई आमच्यात बसू लागल्या. प्यायल्या कधीच नाहीत, पण हुंगून असं काही बोलायच्या की मी मागे पडले. ते सुख नानांना एक हिवाळाभर मिळालं. फाल्गुनात ते झोपेतच गेले.

बाटल्या मित्रांत वाटून टाकायच्या, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आम्ही वाटायला बसलो तेव्हा ती बेंद्र्यांची बाटली मालतीताईंनी उचलून कपाटात ठेवली. "ही मी देणार नाही."

"ताई, तुम्ही घेणार आहात?"

"छे हो. अधूनमधून बूच काढून ठेवीन."

मी आपलं शिकलेलं शहाणपण सांगितलं, की उघडी ठेवली तर वास उडून जातो.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "उडून उडून जाईल कुठे? घरातच राहील ना."